नंबर मिळाला, नोंद झालीच नाही

1. दुरुस्ती केली, तरी सेव्ह का होत नाही?

ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला हे आलेलं असतं. सगळी माहिती भरली, ‘सेव्ह’ दाबलं आणि लाल अक्षरांत सूचना आली, की हा मोबाइल नंबर आधीच नोंदलेला आहे. ठीक आहे, नंबर बदलला आणि पुन्हा ‘सेव्ह’ दाबलं. आता वेगळाच, कशाचा काही पत्ता न लागणारा एरर. पुन्हा दाबलं, पुन्हा तोच. शेवटी वैतागून पान बंद केलं, नव्याने उघडलं, तीच माहिती आणि तोच दुरुस्त नंबर टाकला, तर पहिल्या फटक्यात काम झालं. शेजारी उभा असलेला जाणकार सांगतो, “मघाशी सर्व्हर डाऊन असेल.”

सर्व्हर बहुधा ठणठणीत असतो. चुकीची असते ती पानामागच्या प्रोग्रॅमची समजूत. पहिल्या, फसलेल्या प्रयत्नात त्याला नव्या नोंदीसाठीचा एक नंबर मिळालेला असतो. त्या नंबराची नोंद डेटाबेसमध्ये झालेलीच नसते, पण प्रोग्रॅम तो नंबर उराशी धरून बसतो आणि पुढचे सगळे निर्णय त्याच्या भरवशावर घेतो. पान बंद केल्यावर ती समजूत मेमरीतून पुसली जाते, म्हणून दुसऱ्यांदा काम होतं. असं का घडतं आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ते कसं टाळावं, ते या प्रकरणात पाहू.

2. एकच शेतकरी, दोन ठिकाणी

उदाहरणासाठी गावातलं दूध संकलन केंद्र घेऊ. प्रत्येक उत्पादकाचं खातं आहे. त्यात नाव, मोबाइल, बँक खातं आणि एक खाते क्रमांक. ही माहिती डेटाबेसमध्ये टेबलच्या रूपात राहते, एका शेतकऱ्याची एक ओळ. माहिती अशी टेबलांत मांडावी आणि टेबलांचे संबंध समान किमतींवरून जोडावेत, ही कल्पना आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी 1970 साली मांडली. आजचे बहुतेक डेटाबेस त्याच पायावर उभे आहेत.

प्रोग्रॅमची भाषा मात्र वेगळी. जावा, पायथन, रुबी या भाषांत शेतकरी म्हणजे मेमरीतला एक ऑब्जेक्ट. नाव, मोबाइल वगैरे गुण आणि त्यांच्याशी करायची कामं यांचं ते एक गाठोडं असतं. टेबलातली ओळ कायमची असते. ऑब्जेक्ट प्रोग्रॅम चालू असेपर्यंतचा, बऱ्याचदा काही सेकंदांचाच. या दोघांत ने-आण करणारा दुभाषा लागतो. त्याला ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपर म्हणतात, बोलताना नुसतं ओआरएम. जावातलं हायबरनेट हे त्यातलं सर्वांत नावाजलेलं. गेविन किंग यांनी 2001 मध्ये ते सुरू केलं. पुढे 2006 मध्ये जावासाठी जेपीए हे या कामाचं अधिकृत प्रमाणक ठरलं, त्यावर हायबरनेटची छाप स्पष्ट दिसते.

आता मुद्द्याचं. टेबलातली ओळ ओळखायची तिच्या खाते क्रमांकावरून, म्हणजे आयडीवरून. डेटाबेसवाले त्याला प्रायमरी की म्हणतात. एका टेबलात एक आयडी एकदाच. मेमरीतल्या ऑब्जेक्टला आयडीची गरज नसते, तो मेमरीत जिथे आहे तीच त्याची ओळख. नवा ऑब्जेक्ट तयार होतो तेव्हा त्याचा आयडीचा रकाना कोरा असतो.

आपण ‘सेव्ह’ म्हटलं की ओआरएमला आधी ठरवावं लागतं, की हा शेतकरी नवा आहे की टेबलात आधीपासून आहे? नवा असेल तर ओळ घालायची, म्हणजे इन्सर्ट. जुना असेल तर असलेली ओळ बदलायची, म्हणजे अपडेट. हे ठरवण्याचा सोपा आणि सर्रास वापरला जाणारा मार्ग म्हणजे आयडी पाहणं. कोरा असेल तर नवा, भरलेला असेल तर जुना. नेहमीच्या दिवशी हा नियम बिनचूक चालतो, म्हणून तो नियम आहे याचाच विसर पडतो.

3. नंबर कोण देतं, आणि केव्हा

आयडी देण्याच्या तीन पद्धती रूढ आहेत. पुढची सगळी गुंतागुंत त्यांच्यातल्या फरकावर ठरते.

पहिल्या पद्धतीत नंबर टेबल स्वतः देतं. ओळ घातली की तिला पुढचा नंबर आपोआप लागतो. मायएसक्यूएलमध्ये याला ऑटो इन्क्रिमेंट म्हणतात, एसक्यूएल सर्व्हरमध्ये आयडेंटिटी. यात इन्सर्ट झाल्याशिवाय नंबर कळत नाही. ओआरएमला तो हवा असतो, म्हणून त्याला ओळ लगेच घालावी लागते, पन्नास ओळी साठवून एका दमात पाठवता येत नाहीत. हायबरनेट तर या पद्धतीत गठ्ठ्याने इन्सर्ट करणं बंदच ठेवतं.

दुसरी पद्धत सीक्वेन्सची. डेटाबेसमध्ये टेबलपासून वेगळा, फक्त नंबर वाटणारा एक मोजक असतो. पोस्टग्रेस आणि ओरॅकलच्या वापरात हा नेहमीचा. ओआरएम आधी मोजकाकडून नंबर घेतं, ऑब्जेक्टवर लिहितं, आणि ओळ घालण्याचं काम नंतर सवडीने करतं. नंबर मिळणं आणि नोंद होणं यांत इथे वेळ जातो. हा मधला काळ किती जोखमीचा ते पुढच्याच विभागात दिसेल.

तिसऱ्या पद्धतीत डेटाबेसला विचारायचंच नाही, प्रोग्रॅमनेच एक भलामोठा, जवळजवळ यादृच्छिक आकडा बनवायचा. त्याला यूयूआयडी म्हणतात. त्याची पाळी शेवटी येईल.

4. इन्सर्ट फसतो तेव्हा नेमकं काय होतं

केंद्रावर शेवटचं खातं 1041 क्रमांकाचं आहे. आज एका बाईंचं नवं खातं उघडायचं आहे. त्यांनी घरात आहे तोच मोबाइल नंबर दिला. तो त्यांच्या यजमानांच्या खात्यावर आधीच आहे, आणि टेबलाची अट अशी, की एक मोबाइल एकाच खात्याला. गावोगाव असं सर्रास घडतं. अट घालणाऱ्याने घरटी एकच फोन असतो याचा विचार करायला हवा होता, पण तो वेगळा विषय.

केंद्राचा डेटाबेस पोस्टग्रेस, पद्धत सीक्वेन्सची. ओआरएमने मोजकाला विचारलं, उत्तर आलं 1042. ऑब्जेक्टवर 1042 लिहिलं गेलं. मग इन्सर्ट गेला. डेटाबेसने मोबाइल तपासला, अट मोडतेय म्हणून नकार दिला.

इथे ट्रान्झॅक्शन ही कल्पना लागते. डेटाबेसमधली कामं एका जुडीत बांधून करतात. सगळी पार पडली तर कमिट, म्हणजे पक्की. एकही फसलं तर रोलबॅक, म्हणजे जुडी सुरू होण्याआधी टेबलं जशी होती तशी पुन्हा. आपला इन्सर्ट फसला, रोलबॅक झाला. आता तीन ठिकाणी जाऊन पाहू.

टेबलात 1042 नावाची ओळ नाही. शेवटची ओळ 1041 च आहे.

मोजकाच्या मते 1042 वाटून झाला. पुढच्याला 1043 मिळेल. सीक्वेन्स रोलबॅकला जुमानत नाही, आणि हे मुद्दाम तसं ठेवलेलं आहे.

मेमरीतल्या ऑब्जेक्टवर अजूनही 1042 लिहिलेलं आहे.

तिघांच्या तीन गोष्टी. रोलबॅकची ताकद डेटाबेसच्या उंबऱ्यापर्यंतच चालते, प्रोग्रॅमच्या मेमरीत काय लिहिलंय ते त्याला दिसतही नाही. त्यामुळे या क्षणी ऑब्जेक्टवरचा आयडी खोटा आहे, पण तो खोटा असल्याची कुठलीही खूण त्याच्यावर नाही. पक्क्या नोंदीवरचा 1041 आणि हा 1042 दिसायला अगदी सारखे.

टेबलाने नंबर द्यायची पद्धत असती तर वाचलो असतो का? या उदाहरणात, अर्धेमुर्धे. इन्सर्टच फसला, म्हणून नंबर मिळालाच नाही आणि रकाना कोरा राहिला. पण बँक खात्यांचं टेबल वेगळं असेल, तर खातं उघडताना एकाच जुडीत दोन ओळी घालाव्या लागतात, एक शेतकऱ्याची आणि एक त्याच्या बँक खात्याची. पहिली ओळ गेली, 1042 मिळाला, ऑब्जेक्टवर चढला. मग बँकेची ओळ फसली आणि सगळी जुडी परत फिरली. म्हणजे पुन्हा तेच, फक्त एक पायरी उशिरा.

5. दोन खिडक्यांमधला माणूस

असा खोटा नंबर घेऊन पुन्हा ‘सेव्ह’ करायला गेलं की काय होतं, ते शाळेच्या उदाहरणाने पाहू. शाळेत प्रवेशाचे दिवस आहेत. लेखनिकाने मुलाच्या अर्जावर जनरल रजिस्टरचा नंबर घातला आणि रजिस्टरात ओळ लिहायला घेतली. तेवढ्यात लक्षात आलं, की आधीच्या शाळेचा दाखलाच जोडलेला नाही. ओळ खोडली, अर्ज वडिलांच्या हातात परत दिला. दोन दिवसांनी वडील दाखला घेऊन ‘नवीन प्रवेश’ खिडकीवर आले. खिडकीमागून आवाज, “अहो, यावर रजिस्टर नंबर आहे, मुलगा आमच्याकडे दाखल आहे. नवीन प्रवेश कसला? पलीकडच्या खिडकीवर जा.” पलीकडे ‘माहितीत दुरुस्ती’. तिथल्याने रजिस्टर उघडलं. “या नंबराचा मुलगाच नाही आमच्याकडे.” दोघेही आपापल्या नियमाने बरोबर आहेत. वडिलांनी नवा कोरा अर्ज घेतला असता तर पाच मिनिटांत काम झालं असतं.

हायबरनेटमध्ये या दोन खिडक्यांची नावं पर्सिस्ट आणि मर्ज. फसलेला ऑब्जेक्ट दुरुस्त करून नव्या सेशनमध्ये पर्सिस्टकडे नेला, की जावावाल्यांना तोंडपाठ असलेला एरर येतो, “डिटॅच्ड एन्टिटी पास्ड टू पर्सिस्ट”. म्हणजे, हा तर जुना ऑब्जेक्ट आहे, याला नवा म्हणून का आणलं? सेशन म्हणजे ओआरएमची एका बैठकीची कामाची वही. कोणते ऑब्जेक्ट हाताळले, कुणाची कोणती ओळ, काय लिहायचं बाकी, हे सगळं तिच्यात टिपलेलं असतं.

मर्जची गोष्ट जास्त फसवी. तो 1042 ची ओळ टेबलात शोधतो, सापडत नाही. हायबरनेटच्या जुन्या आवृत्त्या अशा वेळी गुपचूप नवी ओळ घालत, आणि तिला मोजकाकडून नवा नंबर घेत. ओळ झाली 1043, पडद्यामागच्या जुन्या ऑब्जेक्टवर मात्र 1042 च. मर्ज बरोबर नंबर असलेली प्रत परत देतो, पण ती उचलून घ्यायचं भान किती जणांना असतं? 6.6 आवृत्तीपासून हायबरनेटने हे बदललं. आयडी ओआरएमने दिलेला आहे आणि ओळ मात्र नाही, असं दिसलं तर आता सरळ एरर येतो. माझ्या मते हा बदल फार आधी व्हायला हवा होता. चुकीच्या जागी दाखवलेला समंजसपणा एररपेक्षा महाग पडतो.

6. तोच नंबर दुसऱ्याला मिळाला तर

इथवरचे प्रकार त्रासाचे होते, धोक्याचे नव्हते. एरर आला, काम अडलं, एवढंच. खरा धोका एरर न येण्यात आहे.

केंद्रावरच्या टॅबलेटमध्ये ॲप आहे, आणि त्यात एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस आहे. रिचर्ड हिप यांनी 2000 साली तयार केलेला हा डेटाबेस आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये असतो. त्यात साधा आपोआप मिळणारा आयडी म्हणजे टेबलातला सर्वांत मोठा आयडी अधिक एक. वेगळा मोजक नाही. त्यामुळे रोलबॅक झाला की नंबरही परत मोकळा.

आता क्रम पाहा. बाईंची ओळ गेली, 1042 मिळाला, बँकेची ओळ फसली, रोलबॅक झाला. ऑब्जेक्टवर 1042 राहिला. कारकुनाने तो फॉर्म तसाच उघडा ठेवला, बाई पासबुक आणायला घरी गेल्या. दरम्यान दुसरा शेतकरी आला, त्याचं खातं उघडलं. टेबलातला सर्वांत मोठा आयडी 1041, म्हणून त्याला मिळाला 1042. बाई परत आल्या, बँकेचा खाते नंबर दुरुस्त केला, ‘सेव्ह’. ओआरएमने पाहिलं, आयडी आहे म्हणजे जुना ऑब्जेक्ट, आणि 1042 ची ओळ टेबलात आहेच. अपडेट. एरर नाही, सूचना नाही, ‘माहिती जतन झाली’ असा हिरवा संदेश. आणि दुसऱ्या शेतकऱ्याच्या खात्यावर बाईंचं नाव आणि त्यांचं बँक खातं चढलं. महिनाअखेर त्याच्या दुधाचे पैसे कुठे गेले, हे शोधायला बसल्यावर कुठेही चूक दिसणार नाही, कारण प्रत्येक पायरी यशस्वी झालेली आहे.

मोठ्या डेटाबेसमध्येही याचा एक भाऊबंद बराच काळ होता. मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये ऑटो इन्क्रिमेंटचा मोजक फक्त मेमरीत असे. सर्व्हर बंद करून चालू केला की तो टेबलातला सर्वांत मोठा आयडी पाहून नव्याने मोजू लागे, म्हणजे शेवटचे फसलेले किंवा खोडलेले नंबर पुन्हा वाटले जात. याची तक्रार 2003 मध्ये 199 या क्रमांकाने नोंदली गेली. मोजक डिस्कवर टिकवण्याची दुरुस्ती आली ती 8.0 आवृत्तीत, 2018 मध्ये.

7. कोणतं साधन काय करतं

रुबी ऑन रेल्सचं ॲक्टिव्ह रेकॉर्ड या बाबतीत सर्वांत घरंदाज वागतं. जुडीत शिरण्यापूर्वी ऑब्जेक्ट नवा होता का आणि त्याचा आयडी काय होता, हे ते लक्षात ठेवतं, आणि रोलबॅक झाला की दोन्ही पूर्ववत करतं. त्यामुळे दुरुस्त करून पुन्हा ‘सेव्ह’ म्हटलं तर ते चालतं.

पायथनचं जांगो असं काही करत नाही, आणि तसं उघड सांगतं. रोलबॅक झाला तरी ऑब्जेक्टच्या रकान्यांतल्या किमती मागे जात नाहीत, त्या हव्या तर तुम्ही मागे न्या, असं त्याच्या अधिकृत दस्तावेजात लिहिलेलं आहे. आयडी भरलेला असेल तर जांगो साधारणपणे आधी अपडेट करून पाहतं, एकही ओळ बदलली नाही तर इन्सर्ट करतं. पोस्टग्रेसवर हे निभावतं, कारण 1042 दुसऱ्या कुणाला मिळालेला नसतो. नंबर पुन्हा वाटले जाणाऱ्या जागी याच सोयीचं काय होईल ते मागच्या विभागात पाहिलंच.

पायथनचंच एसक्यूएलअल्केमी मधला मार्ग घेतं. रोलबॅकनंतर नवे ऑब्जेक्ट सेशनच्या वहीतून काढून टाकतं, म्हणजे ते ‘जुने’ समजले जात नाहीत. पण त्यांच्या रकान्यांना हात लावत नाही.

हायबरनेट सर्वांत कडक. सेशनमधून एकदा एरर बाहेर पडला, की ट्रान्झॅक्शन रोलबॅक करा आणि ते सेशन फेकून द्या, असा त्याचा स्पष्ट दंडक. वहीतल्या नोंदी आणि टेबल यांचा मेळ आता बसेलच असं नाही, हे कारण. जेपीए प्रमाणकही तेच म्हणतं, की रोलबॅकनंतर आपोआप दिलेले आयडी आणि व्हर्जनचे, म्हणजे ओळीच्या आवृत्तीचे, आकडे विसंगत असू शकतात आणि असे ऑब्जेक्ट पुन्हा वापरण्याजोगे राहतीलच असं नाही. तरी लोक तेच सेशन पुढे चालवतात. मग हायबरनेट जो एरर देतं त्याच्या कंसातच कानउघाडणी असते, “डोन्ट फ्लश द सेशन आफ्टर ॲन एक्सेप्शन ऑकर्स”. फ्लश म्हणजे वहीत साठलेलं डेटाबेसकडे पाठवणं. इतका सरळ बोलणारा एरर विरळा, आणि तोही लोक न वाचता इंटरनेटवर शोधायला टाकतात.

8. आयडी हाताने पुसला तर?

पहिल्यांदा सुचतो तो उपाय हाच. एरर आला की आयडी पुन्हा कोरा करायचा. लहान ऑब्जेक्ट असेल तर चालूनही जातं, म्हणून ही सवय लागते. पण शेतकऱ्याच्या ऑब्जेक्टला बँक खातं जोडलेलं, त्याच्या गाई-म्हशींची यादी जोडलेली. त्या प्रत्येकाला आपापला आयडी मिळून बसलेला असतो, सगळे शोधून पुसावे लागतात. व्हर्जनचा रकाना शून्य झालेला असतो, तोही पुसावा लागतो. शिवाय हायबरनेट साध्या यादीच्या जागी आपली खास यादी बसवतं, आणि ती यादी मेलेल्या सेशनला बांधलेली असते. ऑब्जेक्टची ओळख आयडीवरून ठरवली असेल आणि तो एखाद्या संचात ठेवलेला असेल, तर आयडी बदलताच संच त्याला ओळखेनासा होतो. आत असूनही ‘नाही’ म्हणतो.

त्यापेक्षा सरळ वाट आहे. माणसाने भरलेली माहिती वेगळी ठेवा, आणि डेटाबेससाठीचा ऑब्जेक्ट प्रत्येक प्रयत्नाला त्या माहितीवरून नव्याने घडवा. इन्सर्ट फसला तर ऑब्जेक्ट आणि सेशन दोन्ही टाकून द्या. फॉर्ममधली माहिती जागेवर आहेच. नवा ऑब्जेक्ट, नवं सेशन, कोरा आयडी. पान बंद करून पुन्हा उघडणारा माणूस नकळत हेच करत असतो, प्रोग्रॅमने ते त्याच्यासाठी केलं तर त्याला पुन्हा टायपावं लागत नाही.

सकाळच्या संकलनाला हा नियम कसा लावायचा? समजा नेटवर्क नव्हतं, 60 नोंदी टॅबलेटवर साठल्या, नऊ वाजता एकदम पाठवल्या. 37 व्या नोंदीत फॅटचा आकडा 4.2 ऐवजी 42 पडलाय, टेबलाची अट मोडते. साठही एका जुडीत असतील तर साठही परत फिरतात. पोस्टग्रेसमध्ये तर एक वाक्य फसलं की उरलेल्या जुडीत काहीच ऐकून घेत नाही, ट्रान्झॅक्शन रद्द झालंय, संपेपर्यंतचे हुकूम दुर्लक्षित, असं उत्तर येत राहतं. आधीच्या 36 नोंदींचे ऑब्जेक्ट मात्र मेमरीत आयडी मिरवत उभे असतात. साठातल्या ‘चांगल्या’ 59 पुन्हा पाठवू म्हटलं, तर त्यांतल्या या 36 जुन्या समजल्या जातील.

डेटाबेसमध्ये सेव्हपॉइंट नावाची सोय आहे. जुडीच्या मध्येच खूण करायची आणि गडबड झाली तर त्या खुणेपर्यंतच मागे यायचं. डेटाबेसपुरतं ते उत्तम आहे, पण हायबरनेटची वही त्याने दुरुस्त होत नाही. म्हणून व्यवहारात असं करतात. फॅट, लिटर, तारीख यांची तपासणी पाठवण्याआधीच करायची, म्हणजे बहुतेक चुका इथेच गळतात. मग साठची जुडी पाठवायची. ती फसली तरच मूळ आकड्यांवरून ऑब्जेक्ट पुन्हा घडवून एकेक नोंद स्वतंत्र सेशनमध्ये पाठवायची. 59 जातात, 37 वी बाजूला पडते आणि कारकुनाला दिसते. आधी तपासणी केली तरी टेबलावरची अट काढायची नाही. दोन केंद्रांवरून एकाच क्षणी तोच मोबाइल आला, तर दोघांचीही तपासणी पास होते. त्यांना अडवते ती फक्त टेबलाची अट.

9. मधले नंबर गेले कुठे?

हा प्रश्न हिशेबनीस नेहमी विचारतात, आणि त्यांना वाटतं कुणीतरी नोंदी खोडल्या. 1041 नंतर एकदम 1043, मधला कुठाय? तो फसलेल्या इन्सर्टसोबत गेला. मोजकाने नंबर परत घ्यायचे ठरवले, तर 1042 वाल्याचं पक्कं होईपर्यंत बाकी सगळ्यांना ताटकळत ठेवावं लागेल. म्हणून दिलेला नंबर दिला. इन्सर्ट फसण्याचीही गरज नाही. हायबरनेट सीक्वेन्सकडून एका वेळी ठरवल्याप्रमाणे 50 नंबर उचलून ठेवतं, प्रोग्रॅम मध्येच बंद झाला की उरलेले वाया. एसक्यूएल सर्व्हरच्या 2012 च्या आवृत्तीपासून सर्व्हर अचानक बंद पडल्यावर आयडी एकदम हजाराने पुढे उडी मारलेले दिसू लागले.

इथे आपल्याकडचा एक नियम आड येतो. केंद्रीय जीएसटी नियमावलीतला 46 वा नियम सांगतो, की करबिलावर सलग अनुक्रमांक हवा, तो 16 अक्षरांच्या आत हवा आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव हवा. तुपासारखा करपात्र माल विकणाऱ्या संघाने डेटाबेसचा आयडीच बिल नंबर म्हणून छापला, तर सलगपणा टिकणार नाही. बिलासाठी वेगळा आकडा साध्या टेबलात ठेवायचा, आणि बिल ज्या जुडीत पक्कं होतं त्याच जुडीत तो एकाने वाढवायचा. जुडी परत फिरली की आकडाही फिरतो. बिलं एकामागून एक निघतात, थोडी रांग लागते. बिलांना ती परवडते, दिवसाला हजारो दूध-नोंदींना परवडत नाही.

10. उत्तरच आलं नाही तर

एक प्रकार राहिला. इन्सर्ट गेला, कमिट झाला आणि ‘झालं’ हे उत्तर टॅबलेटपर्यंत येण्याआधी नेटवर्क गेलं. हा इन्सर्ट फसलेला नाही, पण प्रोग्रॅमला तसं वाटतं. या वेळी नवा ऑब्जेक्ट घडवून पुन्हा पाठवला, तर एकाच म्हशीच्या एकाच धारेचे पैसे दोनदा लागतील. आठव्या विभागातला शहाणपणा इथे उलटतो.

इथे तिसरी पद्धत कामाला येते. टॅबलेटवर नोंद होताक्षणी तिला यूयूआयडी द्यायचा आणि तो माहितीसोबतच साठवायचा. हा 128 बिटांचा आकडा असतो. चौथ्या प्रकारच्या यूयूआयडीत त्यातले 122 बिट यादृच्छिक असतात, त्यामुळे दोन टॅबलेटना तोच आकडा सुचण्याची भीती बाळगायचं कारण नाही. शंका आली की तीच नोंद त्याच आयडीने पुन्हा पाठवायची. पहिली पोचली नसेल तर ही जाते. पोचली असेल तर डेटाबेस म्हणतो, हा आयडी आधीच आहे. एरवी ज्याला आपण एरर म्हणतो तो इथे पोचपावती ठरतो.

याची किंमत आहेच. यादृच्छिक आकडे टेबलाच्या अनुक्रमणिकेत कुठेही जाऊन बसतात आणि मोठ्या टेबलांत काम मंदावतं. मे 2024 मध्ये आलेल्या नव्या मानकातल्या सातव्या प्रकारात म्हणून सुरुवातीचे 48 बिट वेळेचे ठेवले आहेत, नवे आयडी साधारण एकाखाली एक येतात. दुसरी अडचण ओआरएमची. आयडी जन्मापासून भरलेला असल्यामुळे ‘कोरा म्हणजे नवा’ हा नियम इथे निकामी होतो, आणि जावातलं स्प्रिंगसारखं साधन प्रत्येक नव्या नोंदीला जुनी समजून आधी टेबलात शोधायला जातं. त्यासाठी नवेपणाचं उत्तर ऑब्जेक्टलाच द्यायला लावण्याची सोय आहे. नाहीतर व्हर्जनचा रकाना कोरा आहे का ते पाहून ठरवता येतं. हा रकाना मुळात दुसऱ्याच कामासाठी आहे. दोन कारकून एकाच शेतकऱ्याचं खातं एकाच वेळी उघडून बसले तर कोणाचं लिहिलेलं धरायचं, ते त्यावरून ठरतं. ते पुढच्या प्रकरणात.